पोटाच्या कॅन्सरचं ‘अर्ली डिटेक्शन’ पॅकेज: कोणती टेस्ट कामाची निघाली, कोणती नाही

आमच्या घरात पोटाचा कॅन्सर होऊन गेलाय, बाबांचे मोठे भाऊ, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. कळलं तेव्हा लिव्हरपर्यंत गेला होता. त्यामुळे एका मोठ्या लॅबची जाहिरात फोनवर आली, ‘एका रक्ताच्या थेंबात पोटाच्या कॅन्सरचं लवकर निदान, मॉलिक्युलर बायोमार्कर पॅनेल’, तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर ती सगळ्यांनी एकमेकांना पाठवली. बाबा एकसष्टचे, दुर्बिणीची तपासणी (तोंडातून नळी घालून करायची एंडोस्कोपी) म्हटलं की विषयच बदलतात, रक्त द्यायला मात्र तयार. दादा आणि मी ठरवलं की चला, निदान एवढं तरी होऊ दे. पॅकेज बाबांचं आणि दादाचं असं दोघांचं घेतलं. लॅबचं नाव लिहीत नाही, कारण अशी पॅकेजेस आता डझनभर लॅब विकतात आणि आतला मालमसाला जवळपास सारखाच असतो. मला सांगायचंय ते त्या मालाबद्दल.

आधी सर्व्हिस, कारण ती खरंच चांगली होती. सकाळी सातला मुलगा आला सॅम्पल घ्यायला, ग्लोव्हज घातलेले, सुई नवी आमच्यासमोर फोडली, पहिल्याच टोचण्यात शीर मिळाली, ट्यूबवर नाव आणि वय आमच्यासमोर लिहिलं आणि बाबांकडून वाचून घेतलं. हे शेवटचं फार कमी जण करतात. रिपोर्ट त्याच दिवशी रात्री ॲपवर. होम कलेक्शनला ५ पैकी ५.

आता पॅकेजमध्ये काय होतं. सीईए, सीए १९-९, सीए ७२-४ हे तीन ‘कॅन्सर मार्कर’ (रक्तात मोजायचे पदार्थ), जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात. त्याखाली पेप्सिनोजेन १, पेप्सिनोजेन २ (जठराच्या ग्रंथी बनवतात ती प्रथिनं) आणि त्यांचा रेशो. एच. पायलोरी या पोटातल्या जंतूची आयजीजी अँटीबॉडी (जंतूविरुद्ध शरीराने रक्तात तयार केलेलं प्रथिन). आणि तळाशी, जणू फुकट दिल्यासारखं, सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची साधी तपासणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-१२.

बाबांच्या रिपोर्टचं पहिलं पान हिरवंगार. मोठं टिकमार्क, ‘कॅन्सर मार्कर्स: नॉर्मल’. बाबांनी ते पान ग्रुपवर टाकलं, आत्याने हात जोडलेले इमोजी पाठवले, विषय संपला असं सगळ्यांना वाटलं. मी मात्र पुढची पानं उघडली तर चौथ्या पानावर हिमोग्लोबिन ११ च्या थोडं वर, फेरिटिन रेंजच्या खाली, एच. पायलोरी आयजीजी पॉझिटिव्ह आणि पेप्सिनोजेनचा रेशो ३ च्या खाली, शेजारी एक बारीकशी चांदणी. बस, चांदणी. ना शेरा, ना फोन, ना ‘डॉक्टरांना दाखवा’ असं एखादं वाक्य. म्हणजे ज्या चार गोष्टींवरून बाबांच्या पोटात काहीतरी चाललंय हे कळत होतं त्या चारही चौथ्या पानावर, आणि ज्या तीन गोष्टींवरून या टप्प्याला काहीच कळत नाही त्या पहिल्या पानावर हिरव्या रंगात. पॅकेजबद्दल माझी मुख्य तक्रार ही आहे आणि म्हणूनच एवढं लिहितेय.

पोटाच्या विकारांच्या डॉक्टर मॅडमना दाखवलं, त्यांनी पहिलं पान बघितलंसुद्धा नाही, सरळ चौथं. आणि पहिलाच प्रश्न, ‘काका, ॲसिडिटीची गोळी रोज घेता का?’ बाबा घेतात, किती वर्षांपासून ते त्यांनाही आठवत नाही, सकाळी चहाच्या आधी गोळी हे ठरलेलं. मॅडमनी सांगितलं की या गोळ्यांनी पेप्सिनोजेनचे आकडे वाढलेले दिसतात, म्हणजे गोळी चालू असताना काढलेला आकडा जसाच्या तसा वाचता येत नाही. आता बघा, ही साधी गोष्ट, लॅबच्या बुकिंग फॉर्ममध्ये डायबेटिस आहे का, बीपी आहे का, उपाशी आहात का सगळं विचारलं होतं, ॲसिडिटीच्या गोळीचा प्रश्न कुठेच नव्हता. पोटाचं पॅकेज विकताय आणि पोटाची गोळी विचारत नाही, हे मला अजिबात पटलेलं नाही.

मॅडमनी एकेक टेस्ट समजावली, नंतर मी स्वतः बरंच वाचलं, ते इथे लिहिते कारण पॅकेज घ्यायचं की नाही हे त्यावरच ठरतं.

सीईए हा मार्कर १९६५ साली माँट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी आतड्याच्या कॅन्सरवर काम करताना शोधला. म्हणजे साठ वर्षं जुनी टेस्ट, ‘नवीन तंत्रज्ञान’ वगैरे काही नाही. सीए १९-९ त्यानंतरचा, तो मुख्यतः स्वादुपिंड आणि पित्तनलिकेच्या आजारात वापरतात. हे तिन्ही मार्कर वाईट नाहीत, पण त्यांचं काम वेगळं आहे. कॅन्सर आधीच सापडलाय, ऑपरेशन झालंय, केमो चालू आहे, आणि ऑपरेशनआधी जर मार्कर वाढलेला असेल तर नंतर तो खाली येतोय का, परत चढतोय का हे बघायला ते उपयोगी. सुरुवातीच्या टप्प्यात, म्हणजे गाठ अजून पोटाच्या आतल्या अस्तरातच आहे तेव्हा, बहुतेक पेशंटमध्ये हे नॉर्मलच येतात. उलट कॅन्सर नसताना वाढलेले दिसू शकतात. सिगरेट ओढणाऱ्यांचं सीईए थोडं जास्त असतं, पित्ताच्या नळीत खडा अडकून कावीळ झाली तर सीए १९-९ चांगलंच चढतं. आणि लोकसंख्येत काही टक्के माणसं अशी असतात की त्यांच्या रक्तगटाशी संबंधित ल्युईस नावाच्या जनुकामुळे त्यांचं शरीर सीए १९-९ बनवतच नाही, म्हणजे कॅन्सर कितीही वाढला तरी आकडा शून्याच्या आसपास. अशा माणसाला ‘नॉर्मल’ लिहून देणं म्हणजे काय, विचार करा.

म्हणून या तीन मार्करना, लवकर निदान या कामासाठी, ५ पैकी शून्य. हो, शून्य. अण्णांच्या फाइलमध्ये सीईएचा रिपोर्ट होता, निदानाच्या आधीच्या वर्षी कुठल्याशा हेल्थ चेकपमधला, नॉर्मल. ते ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणून ॲसिडिटीची गोळी घेत राहिले आणि भूक मंदावली, वजन उतरलं तरी कोणी दुर्बीण घातली नाही. एक वर्ष आधी कळलं असतं तर काय झालं असतं हे मला माहीत नाही, पण त्या कागदाने घरातल्या सगळ्यांना निवांत केलं एवढं मला पक्कं आठवतंय, आणि म्हणूनच बाबांचं ते हिरवं पान ग्रुपवर आलं तेव्हा मला बरं वाटलं नाही.

पेप्सिनोजेन मात्र वेगळं प्रकरण आहे आणि ते मला आवडलं. पेप्सिनोजेन १ हे जठराच्या वरच्या-मधल्या भागातल्या ग्रंथीच बनवतात, पेप्सिनोजेन २ जवळजवळ सगळ्या जठरात आणि थोडं पुढच्या आतड्यातही बनतं. वर्षानुवर्षं सूज राहून अस्तर झिजायला लागलं, ज्याला ॲट्रोफी म्हणतात, की १ खाली येतं, २ तेवढं येत नाही, म्हणून दोघांचा रेशो घसरतो. जपानमध्ये ७० आणि ३ हे आकडे धरतात, पेप्सिनोजेन १ सत्तर नॅनोग्रॅम किंवा कमी आणि रेशो तीन किंवा कमी, दोन्ही असेल तर अस्तर झिजलंय असं समजून पुढे दुर्बीण. त्याच्या जोडीला एच. पायलोरीची अँटीबॉडी धरून ते लोकांचे ए, बी, सी, डी असे गट पाडतात, कोणाला दुर्बीण लवकर हवी, कोणाला नको ते ठरवायला. म्हणजे ही टेस्ट कॅन्सर शोधत नाही, कॅन्सर ज्या अस्तरात पुढे होऊ शकतो ते अस्तर कसं आहे ते सांगते. दुबळी बाजूही आहे, अस्तर न झिजता होणारा, पसरट जातीचा कॅन्सर यात सुटू शकतो, आणि किट बदललं की आकडे थोडे बदलतात. आमच्या लॅबने पेप्सिनोजेन १ ची रेंज ३० पासून धरली होती, म्हणून बाबांचा ४८ आकडा ‘रेंजमध्ये’ दाखवला, जपानी हिशोबात तो कमीच होता, आणि तोही गोळी चालू असताना आलेला. तरीही टेस्ट म्हणून हिला ५ पैकी साडेतीन, रिपोर्ट ज्या पद्धतीने दिला त्याला एक.

एच. पायलोरी हा पोटात राहणारा जंतू, बॅक्टेरिया. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी तो लॅबमध्ये वाढवून दाखवला, लोक विश्वास ठेवेनात म्हणून मार्शलनी १९८४ मध्ये स्वतः त्या जंतूचं पाणी पिऊन स्वतःला गॅस्ट्रायटिस (पोटाच्या अस्तराची सूज) करून घेतला. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं. त्याच्या आधीच १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने या जंतूला पहिल्या गटात टाकलं होतं, म्हणजे तंबाखूच्या गटात, कॅन्सर करतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या यादीत. जपानमधला २००१ चा एक अभ्यास मला वाचताना सगळ्यात पटला, साधारण १५०० पेशंट दुर्बिणीने सरासरी ७.८ वर्षं तपासत राहिले, ज्यांच्या पोटात जंतू होता त्या १२४६ जणांपैकी ३६ जणांना कॅन्सर झाला, ज्यांच्यात नव्हता त्या २८० जणांत एकालाही नाही. यापेक्षा ठळक बायोमार्कर अजून काय हवा?

आता आपल्याकडे हा जंतू अर्ध्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात आहे आणि त्यातल्या बहुतेकांना कॅन्सर कधीच होत नाही, त्यामुळे आयजीजी पॉझिटिव्ह आली म्हणून झोप उडवून घेऊ नका. शिवाय रक्तातली अँटीबॉडी जंतू गेल्यावरही बरीच वर्षं राहते, म्हणजे आत्ता आहे की पूर्वी होता हे ती सांगत नाही. त्यासाठी ब्रीथ टेस्ट किंवा संडासची अँटिजेन टेस्ट लागते. पॅकेजमध्ये आयजीजी घालण्यापेक्षा स्टूल अँटिजेन घातली असती तर जास्त उपयोग झाला असता, पण मग एका रक्ताच्या थेंबात सगळं असं जाहिरातीत म्हणता आलं नसतं.

आणि सीबीसी! पॅकेजमधली सगळ्यात स्वस्त टेस्ट, कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये दोन-तीनशे रुपयांत होते. साठीच्या पुरुषाच्या शरीरात लोह कमी आहे, हिमोग्लोबिन कमी आहे, तर ते कुठे जातंय किंवा का शोषलं जात नाहीये हे बघायला दुर्बीण लागतेच, मॅडम म्हणाल्या की फक्त हा एक आकडा घेऊन आला असता तरी मी दुर्बीण करायलाच सांगितलं असतं. बाबांना घरी सगळे म्हणत होते खजूर खा, बीट खा, गूळ-शेंगदाणे खा. खा ना, पण आधी कारण शोधा. सीबीसी आणि फेरिटिनला पूर्ण पाच.

मग बाबांची ब्रीथ टेस्ट. आधी दोन आठवडे ॲसिडिटीची गोळी बंद (मधल्या काळात जळजळ झाली तर साधं लिक्विड अँटासिड चालतं, पण टेस्टच्या दिवशी तेही नाही), चार आठवडे कुठलीही अँटिबायोटिक नाही, आणि टेस्टला उपाशीपोटी. एका पिशवीत फुंकायचं, मग युरिया घातलेलं पाणी प्यायचं, अर्धा तास बसायचं, मग दुसऱ्या पिशवीत फुंकायचं. जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि त्यातला खुणेचा कार्बन श्वासात येतो, दोन पिशव्यांमधला फरक मशीन मोजतं. कार्बन-१३ वाली टेस्ट असेल तर किरणोत्सर्ग अजिबात नाही, गरोदर बायकांना आणि मुलांनासुद्धा चालते, कार्बन-१४ वाल्यात अगदी थोडा असतो, बुक करताना कुठली आहे विचारून घ्या. ज्या सेंटरमध्ये केली तिथल्या सिस्टरने गोळी कधी बंद केली, शेवटची अँटिबायोटिक कधी घेतली, सगळं लिहून घेतलं आणि मगच पिशवी हातात दिली. अशा सेंटरला मी डोळे झाकून पाच देते. बाबांची टेस्ट पॉझिटिव्ह.

त्यानंतर दुर्बिणीला बाबा तयार झाले, खरं सांगायचं तर ब्रीथ टेस्टपेक्षा मॅडमच्या बोलण्याने तयार झाले, त्यांनी जबरदस्ती केली नाही, स्क्रीनवर नॉर्मल अस्तर आणि झिजलेलं अस्तर यांचे फोटो शेजारी शेजारी दाखवले आणि म्हणाल्या, ‘काका, तुमचं यातलं कुठलं आहे ते मला रक्तात दिसत नाही.’ आदल्या रात्री आठला जेवण, सकाळी काही नाही. फेस आणि चिकटा धुवून निघावा म्हणून एक पांढरट औषध प्यायला दिलं, घशात स्प्रे मारला, तो कडू लागतो आणि घसा बधिर होतो, डाव्या कुशीवर झोपवलं, दातांत धरायला प्लास्टिकचं कडं दिलं. झोपेचं इंजेक्शन हवं का विचारलं होतं, बाबांनी घेतलं, म्हणून मला गाडी चालवायला जावं लागलं. दहा मिनिटांच्या आसपास लागली. घाईत दोन मिनिटांत उरकणाऱ्या ठिकाणी करू नका, सिंगापूरच्या एका अभ्यासात सात मिनिटांपेक्षा जास्त वेळ बघणाऱ्या डॉक्टरांना धोक्याच्या जागा जास्त सापडल्या होत्या. आणि तुकडे घेणार असतील तर जठराच्या खालच्या भागाचे आणि मधल्या भागाचे वेगवेगळ्या बाटलीत घेणार का हे विचारा, एकाच बाटलीत सगळे टाकले की कुठलं अस्तर किती झिजलंय ते पॅथॉलॉजिस्टला सांगता येत नाही. आमच्या मॅडमनी न विचारताच वेगवेगळे घेतले.

रिपोर्ट आला: दोन्ही भागांत ॲट्रोफी, आणि इंटेस्टिनल मेटाप्लेशिया, म्हणजे जठराच्या अस्तरात आतड्यासारख्या पेशी उगवायला लागल्या होत्या. डिस्प्लेशिया (पेशी कॅन्सरच्या दिशेने बिघडणं) नाही, कॅन्सर नाही. कोलंबियाचे पॅथॉलॉजिस्ट पेलायो कोरेया यांनी ही साखळी मांडली होती, आधी जुनाट सूज, मग झीज, मग मेटाप्लेशिया, मग डिस्प्लेशिया, मग कॅन्सर, आणि यात बहुतेक वेळा दशकं जातात. बाबा या साखळीत तिसऱ्या कडीवर आहेत. बहुतेक माणसं तिथून पुढे जातही नाहीत. पण सख्ख्या भावाला कॅन्सर झालेला, म्हणून मॅडमनी दीड-दोन वर्षांनी पुन्हा दुर्बीण सांगितली आहे. ही सगळी माहिती सीईए, सीए १९-९, सीए ७२-४ च्या हिरव्या पानाच्या मागे दडलेली होती, आणि आता पुन्हा वाचा जाहिरातीतलं ‘लवकर निदान’.

जंतूवर चौदा दिवसांचा कोर्स झाला, बिस्मथवाला, चार औषधांचा. सोपा नाही. संडास काळी होते (बिस्मथमुळे, घाबरू नका पण डॉक्टरांना विचारून खात्री करा), तोंडाला सतत धातूसारखी चव, बाबा मध्येच सोडतो म्हणत होते. आईने गोळ्यांच्या वेळा कॅलेंडरवर लिहून ठेवल्या आणि पूर्ण करून घेतला. अर्धवट सोडला की जंतू औषधाला दाद देईनासा होतो, आणि आपल्याकडे क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू आधीच बरेच आहेत. एवढं करून फायदा किती? कोरियात २०२० मध्ये छापलेला अभ्यास नेमका आमच्यासारख्या घरांचा होता, ज्यांच्या आईवडील-भावंडांपैकी कोणाला पोटाचा कॅन्सर झालाय आणि स्वतःच्या पोटात जंतू आहे अशी माणसं. औषध घेतलेल्यांत साधारण नऊ वर्षांत १.२ टक्के जणांना कॅन्सर झाला, न घेतलेल्यांत २.७ टक्के. हे वाचून दाखवल्यावर बाबांनी शेवटचे चार दिवस कुरकुर केली नाही.

दादाचं पॅकेजही सगळं हिरवं आलं, पण त्याचे चौथ्या पानावरचे आकडेही चांगले होते. तरी मॅडमनी त्यालाही स्टूल अँटिजेन करायला सांगितली, निगेटिव्ह. मीही केली, निगेटिव्ह. दोघांचा खर्च मिळून पॅकेजच्या निम्म्याहून कमी.

ज्यांच्या घरी आधीच कोणाला पोटाचा कॅन्सर निघालाय त्यांनी जाहिरातीतल्या मोठ्या शब्दांमध्ये गोंधळू नका. हर-टू, एमएसआय, पीडी-एल१, क्लॉडिन १८.२ ही नावं काही पॅकेजवाले लवकर निदानाच्या माहितीत घुसडतात. हे मार्कर खरे आणि फार महत्त्वाचे आहेत, पण ते कॅन्सरच्या तुकड्यावर बघतात, म्हणजे बायोप्सीच्या ब्लॉकवर (मेणात जपून ठेवलेला तुकडा), आणि कुठलं औषध लागू पडेल हे ठरवायला. २०१० मध्ये हर-टू पॉझिटिव्ह पोटाच्या कॅन्सरमध्ये ट्रॅस्टुझुमॅब या औषधाने आयुष्य वाढतं हे दिसलं तेव्हापासून ही तपासणी नेहमीची झाली. क्लॉडिनवरचं झोल्बेटक्सिमॅब हे औषध तर २०२४ मध्ये जपान आणि अमेरिकेत मंजूर झालं. म्हणून पेशंट असेल तर ब्लॉक आणि स्लाइड हॉस्पिटलमधून मागून घ्या आणि जपून ठेवा, दुसरीकडे ओपिनियनला गेलात की पहिली गोष्ट तीच मागतात. आणि कोणाला पन्नाशीच्या आत पसरट जातीचा, सिग्नेट रिंगवाला कॅन्सर झाला असेल तर सीडीएच१ या जनुकाबद्दल जेनेटिक कौन्सिलरशी बोला. न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात पिढ्यान् पिढ्या तरुण माणसं जात होती, त्यातून १९९८ मध्ये या जनुकातला दोष सापडला. अण्णांचा तसा प्रकार नव्हता म्हणून आम्हाला त्याची गरज नाही असं मॅडम म्हणाल्या.

मावसभाऊ सिंगापूरला आहे, त्याने विचारलं की तिथे १२ मायक्रो-आरएनए मोजणारी रक्ताची टेस्ट मिळते, गॅस्ट्रोक्लिअर, ती बाबांना इकडे आल्यावर करूया का. ही गोष्ट जुन्या मार्करांपेक्षा नक्कीच पुढची आहे. कॅन्सरच्या पेशी आणि आजूबाजूची सूज यामुळे रक्तातल्या बारीक आरएनएचं प्रमाण बदलतं, अशा बारांचा मिळून एक स्कोअर काढतात, सिंगापूरच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये तिला मंजुरी दिली आणि तिच्यामागे पाच हजारांवर माणसांचा अभ्यास आहे. पण पॉझिटिव्ह आली तरी पुढे दुर्बीणच, आणि बाबांना तर मेटाप्लेशिया माहीतच आहे, म्हणजे निगेटिव्ह आली तरीही दुर्बीणच. मग त्यांच्यासाठी काय बदलणार? ज्याला धोका मधला आहे आणि दुर्बिणीची सोय लांब आहे अशा माणसाला रांगेत पुढे घ्यायचं की नाही हे ठरवायला अशी टेस्ट चांगली, मला तिच्याकडून खूप आशा आहे. एकाच रक्तातून पन्नास कॅन्सर शोधणाऱ्या ज्या महागड्या टेस्ट आल्यात, त्यातल्या गॅलेरीचे छापलेले आकडे बघा, सगळे कॅन्सर मिळून पहिल्या स्टेजला १६.८ टक्केच पकडले गेले, चौथ्या स्टेजला ९० टक्के. म्हणजे जिथे पकडायला हवं तिथे अजून हात पोचत नाहीत.

कोणी विचारेल की टेस्ट ९० टक्के अचूक असली तर वाईट काय. कागदावर मांडून बघा. दहा हजार माणसं, त्यातल्या दहांना कॅन्सर आहे असं धरू. टेस्टने दहापैकी आठ पकडले, छान. पण उरलेल्या ९९९० निरोगी माणसांपैकी दहा टक्के, म्हणजे ९९९ जणांना उगाच पॉझिटिव्ह सांगितलं. १००७ घाबरलेली माणसं, त्यात आठ खरे. जपान-कोरियात हा आजार इतका जास्त आहे की कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी सरकारच दुर्बिणीची सोय करतं, जपानने २०१६ पासून पन्नाशीनंतर दर दोन वर्षांनी दुर्बीण मान्य केली. आपल्या देशात मिझोरामसारख्या भागात हा कॅन्सर खूप आहे, महाराष्ट्रात त्यामानाने कमी, सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कॅन्सर आहेत. त्यामुळे आपल्याकडे सरसकट सगळ्यांनी पॅनेल करत बसण्यापेक्षा ज्यांच्या घरात झालाय, ज्यांना लोहाची कमतरता निघाली, पन्नाशीनंतर नव्यानेच अपचन सुरू झालं, वजन उतरतंय, थोडं खाल्लं की पोट भरतं, गिळताना अडकतं, काळी संडास होते, त्यांनी सरळ पोटाच्या डॉक्टरकडे जावं. ही लक्षणं असताना रक्ताच्या पॅनेलवर आठवडे घालवू नका, मी हे हात जोडून सांगतेय.

पॅकेजला एकूण ५ पैकी २, तेही चौथ्या पानासाठी. लॅबला मी ईमेल केला की फॉर्ममध्ये ॲसिडिटीच्या गोळीचा प्रश्न घाला आणि रेशो कमी, आयजीजी पॉझिटिव्ह, फेरिटिन कमी असं एकत्र आलं तर पहिल्या पानावर लिहा. ‘आपला अभिप्राय संबंधित टीमकडे पाठवला आहे’ असं उत्तर आलंय, फॉर्म काल बघितला तर तसाच आहे.

तरीही कोणाला हेच पॅकेज घ्यायचं असेल तर बुक करताना फोनवर तीन गोष्टी विचारा: पेप्सिनोजेन आहे का आणि कुठल्या किटवर करता, आयजीजीऐवजी स्टूल अँटिजेन मिळेल का, आणि तीन कॅन्सर मार्कर काढून टाकले तर किंमत किती कमी होईल. आमच्या इथल्या दुसऱ्या एका लॅबने तिसऱ्या प्रश्नावर लगेच नवं बिल काढून दिलं, जवळजवळ अर्धं. बाबांची कोर्सनंतरची ब्रीथ टेस्ट, म्हणजे औषधं संपून चार आठवड्यांहून जास्त झाल्यावर आणि ॲसिडिटीची गोळी दोन आठवडे बंद ठेवून, निगेटिव्ह आली आहे, हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्यांनी चढतंय.